इंदूअक्कांचे एकवीस प्रश्न

इंदूअक्कांच्या घरात अठरा नातेवाईक राहायचे, आणि अठराही जण बरणीत.

स्वयंपाकघरातल्या लांब फळीवर काचेच्या बरण्या ओळीनं बसलेल्या असत. शतावरी ही धाकटी बहीण. "हळवी आहे, तिला दुधाशिवाय न्यायचं नाही." अशोकाची साल म्हणजे मेहुणे, बोलणं कडू, पण वेळेला धावून येणारे. अर्जुन थोरला भाऊ. मेथी शेजारीण, कारण ती कुठंही घुसते. जटामांसी सासू. "तिच्याजवळ दहा मिनिटं बसलं की डोळे मिटायला लागतात," अक्का सांगायच्या. "माझ्या सासूबाईंचंही तसंच होतं. त्या बोलायला लागल्या की मला पेंग यायची." आणि अगदी कडेच्या बरणीत ज्येष्ठमध. तो मामा. "गोडबोल्या आहे. अशा माणसाला घरात पंधरा दिवसांच्या वर ठेवू नये."

हे सगळं त्या गंमत म्हणून सांगत नसत. पावसाळी हवेत बरणी उघडून त्या खरोखर काळजीनं म्हणायच्या, "मेहुण्यांना सर्दी झालेली दिसते," आणि अशोकाची साल ताटात पसरून गच्चीवर उन्हाला ठेवायच्या. वर जाऊन दोनदा बघूनही यायच्या.

जळगावला आमच्या कॉलनीत त्या समोरच्याच घरात राहतात. एकट्या. एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी निवृत्त होईपर्यंत सहायक म्हणून काम केलं. प्राध्यापक येत गेले, जात गेले. पानं दाबून वाळवणं, त्यांना चिठ्ठ्या लावणं आणि मुलांनी फोडलेल्या काचांची नोंद करणं अक्कांकडे राहिलं. उंच, सडसडीत बाई. अंगावर सुती पातळ, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग. तोंडात झाडांची लॅटिन नावं इतकी बसलेली, की दारावर केळीवाला आला की त्या विचारायच्या, "मूसा कशी आहे आज?" पहिली काही वर्षं तो गोंधळायचा. नंतर गल्लीच्या टोकापासूनच ओरडत यायला लागला, "अक्का, मूसा ताजी आहे."

मूळच्या त्या धुळ्याच्या. प्राध्यापकांच्या संगतीनं बोलणं घासूनपुसून स्वच्छ झालेलं. पण मन हललं की आतून अहिराणी वर यायची. समोर कोणी रडायला लागलं की पाठीवर हात ठेवून म्हणायच्या, "बठ्ठं व्हई जाई." सगळं होऊन जाईल. काय होऊन जाईल ते विचारायचं नाही.

रडायला बायकाच यायच्या, आणि एका ठरावीक वयाच्या. दुपारी दोन ते चार. आमच्याकडे उन्हाळ्यात या वेळेला रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. दारं बंद, कूलरची घरघर, आणि त्या घरघरीत अख्खी कॉलनी पाण्याखाली गेल्यासारखी. त्या वेळी डोक्यावरून पदर ओढून एकेक बाई रस्ता ओलांडायची आणि अक्कांच्या घरात शिरायची. आत वाळ्याचे पडदे ओले केलेले असायचे. पडद्यातून येणारा उजेड हिरवट, त्याला ओल्या मातीचा वास. बरण्यांच्या काचांवर तो उजेड हलत राहायचा. तिथं बसलं की आपण कुठल्या गावात आहोत, किती वर्षांचे आहोत, हे जरा वेळ आठवायचं नाही.

कॉलनीतल्या बायका त्या गोष्टीला 'ते' म्हणायच्या. "मला ते सुरू झालंय." अक्कांना हे आवडत नसे.

"ते म्हणजे काय? नाव घे की. पाळी जातेय तुझी. जाऊ दे. पस्तीस वर्षं राहिलेली पाहुणी आहे, जाताना दोनचार दारं आपटणारच."

मग कपाटातून एक जाड वही निघायची. बरणीला हात लावण्याआधी अक्का एकवीस प्रश्न विचारायच्या. एकही गाळायचा नाही, क्रम बदलायचा नाही. घाम आधी कपाळावर येतो की मानेवर? सकाळी उठल्यावर पहिला राग कोणाचा येतो? नवऱ्याचं घोरणं पूर्वीपेक्षा मोठं वाटतं का? स्वप्नात पाणी दिसतं का, आणि दिसलं तर वाहतं की साचलेलं? छातीत फडफडतं का, आणि फडफडलं तर कोणाला सांगावंसं वाटतं? प्रत्येक उत्तर त्या सुवाच्य अक्षरात लिहायच्या. पलीकडच्या मंगलावहिनी एकदा मला म्हणाल्या, "अगं, माझ्या नवऱ्यानं सत्तावीस वर्षांत मला इतकं विचारलं नाही. मी आठव्या प्रश्नालाच बरी झाले होते."

सतरावा प्रश्न असा : डॉक्टरांची कुठली गोळी चालू आहे का?

'हो' असं उत्तर आलं की वही मिटायची. गोळी घेणाऱ्या बाईला अक्का फक्त बडीशेप द्यायच्या. कोणी कितीही गळ घातली तरी बरणी उघडायची नाही. "एका घरात दोन सुना एकदम स्वयंपाक करायला गेल्या की काय होतं, माहीत आहे ना? डॉक्टरांना विचारून ये. ते हो म्हणाले तर बघू." डॉक्टरांना विचारायला कोणी जात नसे. बाई बडीशेप चघळत घरी जायची.

आता माझ्याकडे येते. मी भूमी अभिलेख कार्यालयात नोकरीला आहे. जुन्या नकाशांच्या नकला करायच्या, हद्दी काढायच्या, हे माझं काम. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मलाही 'ते' सुरू झालं. एका दुपारी पहूरच्या एका गटाच्या नकाशावर मी वाकले होते, तेव्हा कानामागून ऊन वाफ उठली आणि कपाळावरचा घाम टपकन कागदावर पडला. शाई पसरली आणि एका माणसाची विहीर शेजाऱ्याच्या शेतात गेली. साहेब म्हणाले, "रेखाताई, लोक यासाठी कोर्टात वीस वर्षं भांडतात."

त्याच आठवड्यात मी रस्ता ओलांडला.

अक्कांनी मला चटईवर बसवलं, माठातलं पाणी दिलं, वही उघडली. पहिले सोळा प्रश्न मी मन लावून सोडवले. स्वप्नात मला खरंच पाणी दिसायचं. रावेरला माहेरी केळीच्या बागेत पाटाचं पाणी सोडतात तसं, मुळांशी सावकाश चढत जाणारं, आणि मी त्यात पाय टाकून उभी. ते सांगताना माझे डोळे भरून आले. अक्का पेन थांबवून ऐकत होत्या.

"डॉक्टरांची कुठली गोळी चालू आहे?"

"नाही," मी म्हणाले.

तीन वर्षांपासून मी रक्तदाबाची गोळी घेत होते. घरात नवऱ्याखेरीज कोणाला माहीत नव्हतं. माझ्या आईला रक्तदाबानंच अर्धांगवायू झाला होता, म्हणून त्या गोळीचं नाव तोंडातून काढलं की आपणही त्या खाटेवर जाऊन पडू असं मला वाटायचं. पण खरं कारण त्याहून साधं होतं. मला बडीशेप नको होती. मंगलावहिनींना शतावरी मिळाली होती आणि त्या रात्रभर झोपत होत्या.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी चटईची काडी उकरत होते. मग त्यांनी अठरावा प्रश्न विचारला.

मला धाकटी बहीण मिळाली, दुधाबरोबर. घसा सारखा सुकतो म्हणाले, म्हणून मामाही मिळाला. "चिमूटभर. पंधरा दिवस. मग मामाला गाडीत बसवून द्यायचं," अक्कांनी बजावलं.

मामा मला फार आवडला. तोंडात धरला की हळूहळू गोड होत जाणारी ती चव, घशातून उतरणारा गारवा. पंधरा दिवस झाल्यावर मी बाजारातल्या जडीबुटीच्या दुकानातून ज्येष्ठमधाच्या काड्या आणल्या आणि टेबलाच्या खणात ठेवल्या. हद्दी काढताना एक काडी दाढेखाली असायची. सकाळी सुरू झाली की संध्याकाळपर्यंत. दोन महिने. अक्कांना मी हे सांगितलं नाही. झाडपाल्याची गोष्ट, त्यात काय सांगायचं, असं वाटलं.

रोज ऑफिस सुटल्यावर, आणि सुट्टीच्या दिवशी दुपारभर, मी अक्कांकडे जाऊन बसायला लागले. बरं वाटतंय की नाही हे विचारून झालं की औषधाचं बोलणं संपायचं. मग त्या मला पानं दाखवायच्या. भिंग माझ्या डोळ्याला लावून म्हणायच्या, "बघ, पिंपळाच्या पानात नदी कशी आहे. तुझ्या नकाशात इतक्या बारीक रेघा येतात का?" कधी आम्ही दोघी काहीच न बोलता आडव्या व्हायचो. कूलरचं पाणी टपटपायचं. मधेच त्या अंधुक आवाजात म्हणायच्या, "आहेस ना?" मी म्हणायचे, "आहे."

मग एका दुपारी ऑफिसात माझं हृदय चुकायला लागलं.

तसंच वाटलं. जिना उतरताना एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, तसा मधला ठोका गायब व्हायचा, आणि मग तीनचार ठोके घाईघाईनं एकमेकांच्या पाठीवर आदळायचे. पाय दोन दिवसांपासून सुजलेले होते, हातापायांत बळ नव्हतं. मला वाटलं, हेही वयाचंच. मी रजा टाकली आणि रिक्षानं थेट अक्कांकडे आले, घरी नाही.

अक्का डाळ निवडत होत्या. "काय व्हयनं?" म्हणत उठल्या. मी सांगितलं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. एक मिनिट. मग पुन्हा एक मिनिट. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. फळीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. पायात एक स्वतःची आणि एक मंगलावहिनींची चप्पल घालून त्या रस्त्यावर गेल्या आणि समोरून जाणारी एक रिक्षा त्यांनी आडवं उभं राहून थांबवली.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. ईसीजीचा कागद निघत असताना अक्कांनी त्यांना मी काय काय घेते ते सांगितलं, सगळं लॅटिनमध्ये. डॉक्टर गडबडून "हो, मॅडम" म्हणायला लागले. त्यांना वाटलं या मोठ्या कोणीतरी आहेत. मग ते माझ्याकडे वळले.

"आणि रोजची एखादी गोळी?"

अक्का माझ्या उशाशी उभ्या होत्या. मी छताकडे बघत गोळीचं नाव सांगितलं.

"किती दिवस?"

"तीन वर्षं."

मला अक्कांचा श्वास ऐकू आला. आत गेलेला, आणि बराच वेळ बाहेर न आलेला.

मग काड्यांचंही सांगितलं. डॉक्टरांनी समजावलं की माझ्या गोळीत अंगातलं पाणी बाहेर काढणारं औषध आहे, त्याबरोबर पोटॅशियमही जातं; आणि ज्येष्ठमध इतका खाल्ला तर तोही तेच करतो. दोघांनी मिळून मला रिकामं केलं होतं. आणखी उशीर झाला असता तर हृदय भलत्याच तालात गेलं असतं. फॉर्मवर माझं जन्मगाव वाचून ते थोडे हसले. "रावेरच्या बाईचं पोटॅशियम कमी? केळी खात नाही का तुम्ही?"

मी लहानपणापासून केळं खात नाही. केळीच्या बागेत वाढलेल्या माणसाला ते जमत नाही.

त्यांचं हसूही तिथंच थांबलं, कारण अक्का भिंतीला धरून खाली बसल्या होत्या.

मी दोन दिवस दवाखान्यात होते. सलाईनमधून पोटॅशियम थेंबथेंब जात होतं आणि मी झोपेच्या नि जागेपणाच्या मधल्या कुठल्याशा पाण्यात तरंगत होते. नवरा सांगायचा, अक्का बाहेर बाकावर बसून आहेत. आत बोलावलं तर मान हलवतात. चहा दिला तर घेतात, पण पीत नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठोके ओळीवर आल्याचं डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा त्या उठल्या आणि चालत निघून गेल्या.

मी घरी आले तर समोर कुलूप. ओट्यावर अठरा बरण्या धुऊन उन्हात उपड्या घातलेल्या. मंगलावहिनी म्हणाल्या, "सगळं नेऊन मागच्या चिंचेखाली पुरलं गं. मी विचारलं, असं का, तर हातात किल्ली दिली आणि धुळ्याला भावाकडे गेल्या."

फोन लागायचा, कोणी उचलायचं नाही. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मी नवऱ्याला म्हणाले, "मी धुळ्याला जाऊन येते." तो म्हणाला, "अशा तब्येतीत?" मी म्हणाले, "तब्येत बरी आहे म्हणून तर जाते."

धुळ्यात देवपूर भागात अक्कांच्या थोरल्या भावाचं, नानांचं, बैठं घर आहे. नाना ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"बरं झालं आलीस, बाई. आठ दिवस झाले, तिच्या डोळ्याला डोळा लागत नाही. जेवायला बोलावलं तर येते, ताटासमोर बसते. मी काय करू? माझं ऐकेल अशी ती कधीच नव्हती. जा, मागच्या खोलीत शे."

अक्का खिडकीशी खाटेवर बसल्या होत्या. गळ्यात भिंग नव्हतं, त्यामुळे गळा फार बारीक दिसत होता. मला पाहून त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं, सूज आहे का ते. मग खाटेवर जरा सरकून जागा केली.

मी घरून वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. "अक्का, मी तुमच्याशी खोटं बोलले," एवढंच म्हणाले. "तुमचा काही दोष नाही. गोळीचं लपवलं ते मी, काड्या खाल्ल्या त्या मी."

बाहेर अक्कांच्या वहिनी कांदा कापत होत्या, त्याचा आवाज येत होता.

"तू काड्या खाल्ल्यास ते मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण गोळीचं विचारलं तेव्हा तू चटई उकरत होतीस. मी ते पाहिलं. तीस वर्षं मी परीक्षेला बसलेली पोरं बघितली आहेत. खोटं बोलताना माणूस हाताला काम देतो. मला कळलं होतं, रेखा."

"मग?"

"मग मी अठरावा प्रश्न विचारला."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"हो म्हणाली असतीस तर मला बडीशेप द्यावी लागली असती. बडीशेप नेलेली बाई परत येत नाही. आणि तू ते स्वप्न सांगितलंस, बागेतल्या पाण्याचं. मला वाटलं, ही रोज आली तर बरं होईल. एवढंच वाटलं बघ. त्याच्यापायी मी तुला..." त्या थांबल्या. "एवढ्या वर्षांत मी कधी नियम मोडला नाही. मोडला तो स्वतःसाठी."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. मग खिडकीबाहेर बघत, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगावं तशा, त्या सांगायला लागल्या.

"मी एकोणचाळीस वर्षांची होते. लग्नाला सोळा वर्षं झालेली, मूल नाही. आणि एका महिन्यात पाळी आली नाही. दुसऱ्या महिन्यात नाही. आमच्या घरात मोठा आनंद झाला. सासूबाईंनी ओटी भरली. जाऊबाईंनी झबली शिवली, पिवळी, त्यांना छोटे छोटे बंद. चार महिने मला कोणी घागर उचलू दिली नाही. मीसुद्धा रोज पोटाला हात लावून बघायची. मग इथं धुळ्याला आले, डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी तपासलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, बाई, दिवस नाहीत. तुमची पाळी गेली. काही जणींची लवकर जाते."

वहिनींचा कांदा कापून झाला होता.

"घरी कोणी एका शब्दानं बोललं नाही. कोणी वाईटसुद्धा बोललं नाही. झबली कुठं गेली तेही कळलं नाही. हे चांगले होते गं, पण बाहेरच्या खोलीत झोपायला लागले ते कायमचेच. आणि मला घाम यायचा. छाती अशी फडफडायची, की आत चिमणी अडकली आहे. कोणाला सांगणार? सांगितलं असतं तर म्हणाले असते, दुःखानं होतंय. दुःख होतंच. पण घामही होता ना. त्याचं कोणी विचारलं नाही. एकानं जरी विचारलं असतं, की इंदू, घाम आधी कपाळावर येतो की मानेवर, तर मी त्याच्या पाया पडले असते." त्या किंचित हसल्या. "मग मी प्रयोगशाळेतली पुस्तकं वाचायला लागले. त्यांत तरी लिहिलेलं होतं, बाईला असं होतं म्हणून."

मी त्यांचंच वाक्य त्यांना म्हणाले, माझ्या रावेरी तोंडानं, चुकतमाकत. "बठ्ठं व्हई जाई, अक्का."

"नीट म्हणता येत नाही तुला," त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. खूप वेळ रडल्या. नाना एकदा दारापर्यंत आले, उभे राहिले, आणि पाय न वाजवता परत गेले.

आज अक्का कोणालाही पूड देत नाहीत. पण दुपारी दोन ते चार दार उघडं असतं आणि वही निघते. एकवीस प्रश्न विचारून झाले की त्या तीच वही पिशवीत टाकतात आणि बाईला घेऊन दवाखान्यात जातात. त्या तरुण डॉक्टरांना सुरुवातीला हे जड गेलं. आता ते म्हणतात, अक्कांची वही असली की माझी निम्मी तपासणी झालेली असते. बडीशेप अजून मिळते, सगळ्यांना.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशीच्या परतीच्या प्रवासाचं.

जेवण झाल्यावर अक्कांनी आपणहून पिशवी भरली. वहिनींनी लोणच्याची बाटली दिली. नाना स्टँडवर सोडायला आले आणि खिडकीपाशी उभे राहून म्हणाले, "पोहचल्यावर फोन कर." दुपारची भुसावळ गाडी होती, जळगाववरून जाणारी. अर्धी रिकामी. अक्का खिडकीशी बसल्या, मी शेजारी. बाहेर पांढरं ऊन. नांगरून ठेवलेली काळी शेतं वाफेत हलत होती, दूरची झाडं जमिनीपासून सुटून हवेत उभी राहिल्यासारखी दिसत होती. गाडीच्या आवाजात एक लय होती, पाळण्यासारखी.

पारोळा गेलं आणि अक्कांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. आधी मला वाटलं, धक्क्यानं आलं असेल. मग त्यांचा श्वास लांब झाला. तोंड थोडं उघडं पडलं. हातातली पिशवी सैल झाली, ती मी अलगद काढून माझ्या मांडीवर घेतली. एरंडोल आलं, गेलं. चणेवाला चढला, ओरडत फिरला, उतरला. अक्का हलल्या नाहीत. माझा खांदा बधिर झाला होता. त्यांच्या केसांना खोबरेल तेलाचा आणि वाळ्याचा वास येत होता. मी श्वाससुद्धा बेतानं घेत होते.

जळगाव आलं. माणसं उतरली, दुसरी चढली. कंडक्टरबाई आमच्यापाशी आली.

"ताई, तुमचं जळगाव आलं."

"हो," मी हळू म्हणाले. "भुसावळची दोन तिकिटं द्या."

"भुसावळला कोणाकडे?"

"कोणाकडेच नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं अक्कांकडे पाहिलं. उघडं तोंड, कपाळावर आलेली पांढरी बट, खांद्यावर टाकलेला सगळा भार. पन्नाशीला आलेली बाई होती ती, तिच्याही मानेवर घाम होता. तिनं दोन तिकिटं काढून माझ्या हातात ठेवली. दार अगदी सावकाश ओढून घेतलं. आणि घंटीच्या दोरीला हात न लावता ती पुढं ड्रायव्हरपर्यंत चालत गेली, त्याच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "चला, भाऊ."